माइदेईच्या शेतावरची इर्जिक

'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण थॉर्नसी गावात कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्या हिवाळ्यात अर्धं गाव तसंच वागत होतं. लंडनच्या सरकारनं नुसता एक प्रस्ताव मांडला होता. बाहेरून आलेल्या माणसांनी या देशात कायमचं राहायचा हक्क यापुढे 'कमवावा', असा. कायदा झालेला नव्हता. लोकांची मतं मागवणं चालू होतं. आणि इकडे समुद्रकाठच्या या म्हाताऱ्यांच्या गावात, वृद्धाश्रमांतून राबणाऱ्या बायाबापड्यांनी आत्ताच धावायला सुरुवात केली होती.

माइदेई चिकोमो त्यांतलीच एक. झिम्बाब्वेच्या शोना लोकांत पोरांच्या नावांतून घरच्यादारच्यांना टोमणे मारायची जुनी रीत आहे. 'माइदेई' म्हणजे 'तुम्हांला हवं तरी काय होतं?' हा टोमणा तिच्या आजीला होता, कारण आजीला नातू हवा होता आणि झाली ही. पण इंग्लंडात आल्यापासून विमानतळापासून बँकेपर्यंत प्रत्येक खिडकीनं हाच प्रश्न उलटा तिलाच विचारला.

तिला हवं होतं ते फार नव्हतं. गुटू गावी ती शाळेत मास्तरीण होती आणि पगारात महिन्याचं मक्याचं पीठ येत नव्हतं. म्हणून चार वर्षांच्या शामिसोला आजीच्या ओटीत घालून ती इथं म्हातारे धुवायला आली. तेव्हाचा नियम सरळ होता. पाच वर्षं राबा, कायमचा परवाना घ्या. आधी बरी खोली बघू, मग पोरीला आणू, असं म्हणेपर्यंत सरकारनं या कामातल्या माणसांना मुलंबाळं आणायची बंदी केली. ठीक आहे, म्हणाली माइदेई. पाच वर्षं झाली की मी कायमची होईन आणि मग आणीन. शामिसो तेव्हा नऊ वर्षांची असेल, आणि नऊ वर्षांच्या पोरीला आई लागतेच.

आता हा प्रस्ताव म्हणत होता की तिच्यासारख्या कामाला पाच नव्हे, पंधरा वर्षं. म्हणजे शामिसो एकोणीसची. एकोणीस वर्षांची पोर आईकडे राहायला येत नाही, आईला भेटायला येते, तेही कुणी येऊ दिलं तर. माइदेईनं ती बातमी लार्क हाऊसच्या धुलाईखोलीत वाचली आणि चादरींची एकच घडी तीन वेळा घातली.

लार्क हाऊस हा तिचा आश्रम. तिथं तिचा एक म्हातारा होता. सगळेच तिचे होते म्हणा, पण विल्फ्रेड हॅगर्टी जरा जास्त. त्यानं आयुष्यभर याच गावात बस चालवली. बायको गेली, मुलगा ऑस्ट्रेलियात जाऊन कायमचा झाला, आणि पोरगं तिकडे किती पटकन कायमचं झालं याचं विल्फ येईल त्याला कौतुक सांगे. दर गुरुवारी पाळी संपली की माइदेई गणवेश बदलून त्याच्या खोलीत डॉमिनो खेळायला बसे. विल्फ खेळात लबाडी करी आणि ती बघून न बघितल्यासारखं करी. ती त्याला 'सेकुरू' म्हणे, म्हणजे आजोबा. तो तिला 'मे' म्हणे, कारण माइदेई म्हणायला त्याच्या जिभेला त्रास होई.

"देशाची नुसती धर्मशाळा झालीय, मे," तो ठोकळे मांडता मांडता म्हणे.

"मग मी निघू का, सेकुरू?"

"तू कशाला? तू आपली आहेस. ते बाकीचे."

"बाकीचे म्हणजे? रात्रपाळीची ग्रेस?"

"छे, ग्रेस गुणी पोरगी आहे."

"मग स्वयंपाकघरातला दावित?"

विल्फ विचारात पडे. "त्याच्या हातचं सूप... नको, त्याला राहू दे. ते बाकीचे गं, ते टीव्हीवरचे."

या टीव्हीवरच्यांसाठीच विल्फनं सरकारला मत कळवायचं ठरवलं. त्याची बोटं थरथरत, टॅब्लेटवर एकाच्या जागी भलतंच उमटे, म्हणून त्यानं माइदेईला बोलावलं. आश्रमात नोकरीला लागताना पहिला धडा शिकवतात तो हा, की रहिवाशाची इच्छा ती आपली इच्छा, आपलं मत दाराबाहेर खुंटीला टांगायचं. माइदेईनं एकेक प्रश्न मोठ्यानं वाचला.

"कायमच्या हक्कासाठी थांबायची मुदत वाढवावी, असं आपल्याला वाटतं का?"

"पूर्ण सहमत. दाब."

"सेकुरू, चष्मा लावून एकदा बघता का?"

"बघायचंय काय त्यात? दाब म्हणतो ना."

तिनं दाबलं. दुसरं कुणी असतं तर बोट घसरलं असतं, पण माइदेईचं घसरलं नाही, कारण गुटूत वडीलधाऱ्याचा शब्द आणि लार्क हाऊसमधला रहिवाशाचा शब्द दोन्ही तिला एकाच वेळी मोडवेनात. मग तिनं त्याला खोकल्याचं औषध पाजलं आणि दिवा बारीक करून ती घरी गेली. घरी गेल्यावर मात्र ती स्वतःला मनसोक्त मूर्ख म्हणाली.

प्रस्तावात एक गाजरही होतं. समाजसेवा करणाऱ्यांची काही वर्षं कमी होतील. किती सेवा, कुठली सेवा, मोजणार कोण, काही ठरलेलं नव्हतं. पण चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळं ठरून गेलं होतं. तिथं पाच वर्षं कमी झाली होती. माइदेईनं मनाशी मांडणी केली. पंधराची दहा. शामिसो चौदाची. चौदा वर्षांची पोर रुसलेली असते, पण असते पोरच.

आणि मग थॉर्नसीत समाजसेवेचा जो पूर आला, त्याला तोड नाही. गावात एक मदतनीस मंडळ होतं. हिलरी पेम्बर्थी नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका, एक बहिरे मेजर आणि मेजरांचा कुत्रा, एवढंच ते मंडळ. दर शनिवारी ही तिघं किनाऱ्यावरचा कचरा वेचत. आता एकदम चर्चचा हॉल भरला. घानाचे, केरळचे, फिलिपिन्सचे, झिम्बाब्वेचे, सगळे चिमटे आणि पिशव्या घेऊन हजर. पहिल्या शनिवारी किनारा लख्ख झाला. दुसऱ्या शनिवारी एका सिगारेटच्या थोटकावरून दोन नर्सांची बाचाबाची झाली. तिसऱ्या शनिवारी कुणीतरी घरून आणून वाळूत कचरा पेरला असावा, अशी हिलरीबाईंना शंका आली, कारण चिप्सची रिकामी पाकिटं ओळीनं आणि सारख्या अंतरावर पडली होती. मेजरांच्या कुत्र्यानं पाय फाकवले की चार माणसं पिशव्या उघडून धावत. कुत्रा बिचारा इतका ओशाळला की तो पुढं घरूनच सगळं उरकून येऊ लागला.

एवढ्या गर्दीत माइदेईच्या वाट्याला वाळू सोडून काही आलं नाही. शेवटी ती हिलरीबाईंच्या टेबलापुढं जाऊन बसली.

"सध्या काही सेवा करता का, मिसेस चिकोमो?" बाईंनी पेन सरसावलं.

"दर गुरुवारी लार्क हाऊसमध्ये विल्फ सेकुरूंजवळ बसते. तीन वर्षं झाली."

"पण तिथं तर तुम्ही नोकरीला आहात."

"पाळी संपल्यावर बसते. फुकट."

"हो, पण ती सेवा कशी म्हणायची?" हिलरीबाई खरोखर कळवळून म्हणाल्या. "ती ओळख झाली. फार तर माया म्हणा. मायेची नोंद नाही हो होत. तिचा विमा नसतो."

माइदेईनं मग आपल्या परीनं समजावून सांगितलं. गुटूत खुरपणीच्या दिवसांत न्हिंबे भरते. आपल्याकडच्या खेड्यांत इर्जिक घालतात, अगदी तीच गोष्ट. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, परवा विधवा बाईच्या. यजमानीण नाचणीची घरची दारू काढते, मक्याच्या घट्ट साद्झ्याचे गोळे आणि शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी वाढते. कुणी किती सऱ्या खुरपल्या ते मोजत नाहीत. मोजलं तर समोरच्याला 'चल, तुझा माझा संबंध मिटला' म्हटल्यासारखं होतं. नियम एकच. प्रत्येकाच्या शेताचा नंबर लागायचा.

"किती छान!" हिलरीबाई म्हणाल्या. "पण सही कोण करतं?"

सही कुणीच करत नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. तरी त्यांनी मार्ग काढला. 'एकाकी वृद्धांना सोबत' अशी एक योजना त्यांच्याकडे होती, मोजता येणारी, विमा उतरवलेली. फक्त स्वतःच्या आश्रमात जाता येणार नाही. आणि जागा उरली होती ती गुरुवार संध्याकाळचीच. मेपल कोर्ट आश्रमातली बेरिल नावाची म्हातारी.

माइदेईनं मान डोलावली. हातचा गुरुवार गेला. सकाळी विल्फला आंघोळ घालताना तिनं सांगितलं, "सेकुरू, यापुढे गुरुवारी जमणार नाही."

"का?"

"काम आहे."

खरं कारण सांगायचं तर त्या बटणाची गोष्ट काढावी लागली असती, आणि ते तिला जमेना. म्हाताऱ्याशी खेळून कंटाळली पोर, असं विल्फच्या मनानं घेतलं, आणि त्या दिवशी त्यानं सूपसुद्धा ठेवून दिलं.

पहिल्याच गुरुवारी बसथांब्यावर माइदेईला जेसीकुट्टी भेटली. ही कोट्टायमची, मेपल कोर्टात नोकरीला. दोघी एकाच चर्चच्या, पण पाळ्या उलटसुलट, म्हणून भेट क्वचित.

"कुठं निघालीस गं?" जेसीकुट्टीनं विचारलं.

"तुमच्याकडेच. बेरिल म्हणून आहे कुणी, तिला सोबत द्यायला."

जेसीकुट्टीचे डोळे मोठे झाले. "माझ्या बेरिलला? अगं, मी रोज संध्याकाळी पाळी संपल्यावर तिच्यापाशी बसायचे! ते धरत नाहीत म्हणून तर हिलरीबाईंनी मला दुसरीकडे धाडलं."

"कुठं?"

"लार्क हाऊसला. विल्फ म्हणून एक आहे."

दोघी इतक्या हसल्या की समोरून बस निघून गेली तरी कळलं नाही. मग हसू ओसरल्यावर दोघींच्या ध्यानात आलं. आपापला म्हातारा सोडून दुसरीच्या म्हाताऱ्याकडे जायचं, म्हणजे ती सेवा. घरची म्हातारी उपाशी आणि गावजेवणाला वाढपी, अशातला प्रकार.

म्हातारी माणसंही काही कमी नव्हती. "तुझा विल्फ माझ्याकडे पाठ करून बसतो," जेसीकुट्टीनं पुढच्या आठवड्यात तक्रार केली. "मी बायबल वाचायला घेतलं, तर कानातलं यंत्रच काढून ठेवलंन!"

"आणि तुझी बेरिल मला म्हणते, कपात दूध आधी घालायचं, हे त्या दुसरीला सांगावं लागत नाही."

दोघी मिळून हिलरीबाईंकडे गेल्या. अदलाबदल करा, म्हणाल्या. बाईंनी त्यांना हितसंबंध म्हणजे काय ते सांगितलं. ज्याच्याबद्दल आधीच जिव्हाळा आहे, त्याची सेवा निःस्वार्थ कशी मानायची? यावर दोघी आभार मानून बाहेर पडल्या, कारण दोघी शहाण्या होत्या.

चौथ्या गुरुवारी विल्फनंच तोंड उघडलं. कानातलं यंत्र नीट बसवून त्यानं जेसीकुट्टीला विचारलं, "इथं येऊन माझी पाठ बघायचे तुला किती मिळतात?"

"पैसे नाही मिळत, आजोबा. वर्षं कमी होतात."

"कसली वर्षं?"

जेसीकुट्टी मुळातच बडबडी. तिनं सगळं सांगितलं. पंधरा वर्षं, समाजसेवा, बेरिल, गुरुवार, आणि माइदेईची शामिसो. विल्फ ऐकत होता तसा त्याचा चेहरा बदलत गेला.

"पंधरा? मे ला? तिला कशाला?"

"सगळ्यांनाच."

"पण मी तर बाकीच्यांसाठी म्हटलं होतं!"

"अहो आजोबा, बाकीचे म्हणजे आम्हीच की."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर विल्फनं आपली बॅटरीची चाकगाडी बाहेर काढली, डोक्यावर जुनी बसवाल्याची टोपी घातली आणि भर रस्त्यातून, मागं मोटारींची रांग लावत तो चर्चच्या हॉलपर्यंत गेला.

"नाव घाला माझं," तो हिलरीबाईंना म्हणाला.

"मिस्टर हॅगर्टी, तुमचं नाव आहेच. एकाकी वृद्ध म्हणून."

"ते नव्हे. सेवा करणारा म्हणून. एक बाई आहे, तिला सोबत द्यायचीय. दिवसभर आमच्यासारख्यांना धुते, पुसते, खोलीवर जाऊन एकटी जेवते, पोर तिकडे आफ्रिकेत. तिच्यापेक्षा एकाकी माणूस या गावात असेल तर दाखवा. आणि ती केरळची टकळी आहे ना, तिलाही घाला. एकाच गुरुवारात दोघी उरकतो."

बाईंचे डोळे पाणावले. मेजरांनंतर मंडळात आलेला गावात जन्मलेला हा पहिलाच माणूस. त्यांनी दोन्ही नावं ताबडतोब लिहून घेतली.

अशा रीतीनं पुढच्या गुरुवारी लार्क हाऊसच्या दिवाणखान्यात डॉमिनोचा डाव पडला. माइदेई बेरिलला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली, कारण सोबतीत फिरवून आणणं बसतं. जेसीकुट्टी विल्फला सोबत देत होती. विल्फ दोघींना. बेरिलला कोण कुणाला सोबत देतंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिला दूध आधी घातलेला चहा मिळाला आणि तिनं पहिलाच डाव जिंकला. माइदेईला कितीतरी आठवड्यांनी हलकं वाटलं. कुणी न सांगता, न मोजता, म्हातारा तिच्या शेतात खुरपं घेऊन आला होता. थॉर्नसीत तिला असलं काही बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात हिलरीबाई आल्या, हातात कागद, चेहऱ्यावर आनंद. "अभिनंदन! मिसेस चिकोमो, जेसीकुट्टी, आता तुम्ही दोघी आमच्या अधिकृत लाभार्थी!"

जेसीकुट्टीच्या हातातले ठोकळे खाली सांडले. "लाभ? नको, नको! मदत घेतली की वर्षं वाढतात! ग्रुपवर आलंय!"

"ते सरकारी मदतीबद्दल असावं," हिलरीबाई अडखळल्या. "पण अजून काहीच ठरलेलं नाही, त्यामुळे..."

विल्फनं टोपी मागं सारली. "म्हणजे मी मे जवळ बसलो, तर तिची पोर आणखी लांब जाईल?"

"तसं काही म्हणता येणार नाही," बाई म्हणाल्या. मग प्रामाणिक बाई होत्या म्हणून पुढं म्हणाल्या, "तसं नाही होणार, असंही म्हणता येत नाही."

"खोडा ते, बाई," माइदेई म्हणाली. "सेकुरू सोबत-बिबत काही देत नाहीयेत. मी त्यांच्या शेतात राबले, ते माझ्या शेतात आलेत. हे लिहायचं नसतं."

हिलरीबाईंनी दोन्ही नावांवर रेघ मारली. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. कागदाची घडी करून त्या गेल्या, आणि बेरिलनं पुन्हा ठोकळे वाटायला घेतले.

मग फोन वाजला. गुटूहून शामिसो. पडद्यावर तिचा चेहरा, मागं कंदील, आणि कुठंतरी आजीचा खोकला. माइदेईनं फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला.

"अमाई, ही कोण माणसं?"

"आमची न्हिंबे चाललीय, राणी. ही आजी आहे ना, हिच्या शेतात मी जाते. त्या आजोबांच्या शेतात ही मावशी जाते. आणि आजोबा आमच्या."

शामिसो चौघांकडे निरखून बघत राहिली. आठ वर्षांच्या पोरीला न्हिंबेचा नियम पाठ होता. त्याच आठवड्यात ती आजीबरोबर दोन शेतांत जाऊन आली होती, आणि उद्या आजीच्या शेताचा नंबर होता.

"तू सगळ्यांच्या शेतात जातेस," ती म्हणाली. "मग आपल्या शेताचा नंबर कधी?"

"लागेल हं," माइदेई म्हणाली. "आता झोप जा. उद्या लवकर उठायचंय ना?" आवाज नीट राहिला, पण फोन बंद करायला तिला दोनदा बोट लावावं लागलं.

"काय म्हणाली पोर?" विल्फनं विचारलं.

काहीतरी गोड सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. पण तिला राग आला होता, पहिल्यांदाच आणि खरा, आणि तिनं शब्दाला शब्द सांगून टाकलं.

विल्फनं आपले ठोकळे पालथे घातले. "मे, ते मत आपण दिलं ना, ते पुन्हा उघडता येतं का? मला बदलायचंय."

"मुदत संपली, सेकुरू. गेल्याच आठवड्यात."

"खेळताय की नाही?" बेरिल म्हणाली. पाळी विल्फची होती. त्यानं ठोकळा उचलला, पण बोटं इतकी थरथरत होती की तो टेबलापर्यंत पोचेना. माइदेईनं सवयीनं त्याचं मनगट धरलं, आणि तो म्हणाला तिथं ठोकळा ठेवला.